काकांचा क्राफ्ट्समनचा पाना आता कुठे बदलून मिळणार?

शिकागोचा_पुतण्या

मंडळी, प्रश्न एका पान्याचा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो विचारता येणार नाही.

माझे काका १९७१ साली इंजिनिअर म्हणून इलिनॉयला आले. दीड वर्षापूर्वी ते गेले. आता काकूंनी घर विकायला काढलंय, आणि गराज आवरायचं काम माझ्याकडे आलंय. तिथे त्यांची सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीतून घेतलेली लाल पेटी आहे. आत सिअर्सच्या क्राफ्ट्समन या नावाचे पाने, गोट्या (म्हणजे नटावर बसणारे सॉकेट), पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कानशी, सगळं जिथल्या तिथे. प्रत्येक कप्प्यात काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरलेला. फक्त ९/१६ इंची गोटीची जागा रिकामी आहे.

इथल्या पहिल्याच हिवाळ्यात काकांची गाडी बंद पडली. दुरुस्तीचा खर्च पगाराच्या मानाने फार होता. मग त्यांनी सिअर्समध्ये जाऊन सेट घेतला, पुस्तक समोर ठेवलं आणि गाडी स्वतः उघडली. पुढची चाळीस वर्षं आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांतल्या गाड्यांचे ब्रेक त्यांनी बदलले असतील. कोणाकडून एक डॉलर घेतला नाही. फक्त पाना उसना नेला तर पुसून परत द्यायचा, एवढा एकच नियम होता.

१९९८ साली मी शिकायला आलो, तेव्हा ते मला एका शनिवारी सिअर्समध्ये घेऊन गेले. खिशात टोक तुटलेला स्क्रू ड्रायव्हर. काउंटरवरच्या माणसाने पावती मागितली नाही, कधी घेतला विचारलं नाही, कसा तुटला तेही विचारलं नाही. भिंतीवरचा नवा काढला आणि हातात ठेवला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बघितलंस? याला दुकान म्हणतात."

आता पेटीतल्या अर्ध्या इंची रॅचेटचं दुखणं. हलक्या हाताने फिरवला तर कटकट आवाज नीट येतो, पण जोर लावला की सटकतो. काका असते तर शनिवारी सिअर्सला गेलो असतो. शिकागो शहरातलं शेवटचं सिअर्स, सिक्स कॉर्नर्सचं, २०१८ मध्ये बंद झालं. १९३८ पासून चालू होतं ते. शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमधलं राज्यातलं शेवटचं दुकानही २०२१ मध्ये गेलं.

तर, हा रॅचेट आता कुठे न्यायचा? आणि एवढं मोठं दुकान गेलं कसं? ॲमेझॉनने खाल्लं असं सगळे म्हणतात, मला ते पूर्ण पटत नाही. काउंटरवरच्या त्या माणसाला कोणी काढलं, तिथून शोध सुरू करायला हवा असं वाटतं. तुमच्या आठवणी आणि मतं, दोन्ही लिहा.

टेक्सासतात्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतलं आणि हातहत्यारांवरची आजन्म हमी ते पाळतात. लोज (Lowe's) या दुकानसाखळीत घेऊन जा, तिथे २०१८ पासून क्राफ्ट्समन मिळतं.

गोटीपाना

तात्या, थांबा! पुतण्या, काहीही कर पण तो रॅचेट काउंटरवर ठेवू नकोस. नवा मिळेल तो आजच्या बनावटीचा. काकांचा जुना जाईल भंगारात. आधी त्याचा फोटो टाक आणि दांड्यावर काय कोरलंय ते सांग.

शिकागोचा_पुतण्या

@गोटीपाना, दांड्यावर क्राफ्ट्समन, अमेरिकेत बनवल्याचा शिक्का, पेटंटचा उल्लेख आणि दोन आडव्या रेघांच्या मधे व्ही असं काहीतरी आहे. डोक्याच्या पाठीवर एक बटण आहे, ते दाबलं की गोटी सुटते.

भुसावळ_जंक्शन

मी अमेरिका पाहिलेली नाही, हत्यारांतलंही कळत नाही, तरी धागा सोडवत नाहीये. रॅचेट म्हणजे नेमकं काय? आणि सिअर्स म्हणजे ते सिअर्स टॉवरवालेच का?

नाशिकचा_भाता

@भुसावळ, सायकल थांबवून उलटं पेडल मारलं की मागच्या चाकातून कटकट येते ना? फ्रीव्हीलच्या आत कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, असतात, ते दात्यांवरून घसरतात म्हणून. सुलट मारलं की तेच कुत्रे दात्यांत अडकतात आणि चाक फिरतं. रॅचेटच्या डोक्यात तेच यंत्र. एका दिशेला पकडतो, दुसऱ्या दिशेला मोकळा. त्यामुळे पाना नटावरून न काढता, अरुंद जागेत पुढेमागे हलवून नट आवळता येतो.

आता मूळ दुखणं. हलक्या हाताने आवाज येतो आणि जोराला सटकतो, म्हणजे बहुतेक वेळा कुत्रा झिजलेला नसतो, जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं. कुत्रा दात्यात पूर्ण बसतच नाही, अर्ध्यावर टेकतो. पाठीच्या पट्टीचे दोन स्क्रू काढा. ट्रेमध्ये कापड पसरून त्यावरच उघडा, आत बारीक स्प्रिंग आणि छर्रा असतो, तो उडाला की गराजभर शोधत बसाल. सगळे भाग रॉकेलमध्ये धुवा, दातांचा ब्रश मारा, कुत्र्याचे आणि चाकाचे दाते भिंगाखाली बघा. कडा गोल झाल्या नसतील तर पातळ तेलाचे दोन थेंब टाकून बंद करा. पुन्हा जाड ग्रीस भरू नका.

शिकागोचा_पुतण्या

@नाशिकचा_भाता, मनापासून आभार. या शनिवारी उघडतो. रॉकेलला इथे केरोसिन म्हणून विचारायचं हे तरी मला माहीत आहे :)

इतिहासवेडी

@भुसावळ, हो, तेच. सिअर्स टॉवर म्हणजे कंपनीचं शिकागोतलं मुख्यालय, ११० मजली. १९७३ पासून १९९८ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिचा स्थापत्य अभियंता ढाक्यात जन्मलेला, फजलुर रहमान खान. कंपनीने नव्वदच्या दशकात ती इमारत सोडली आणि २००९ मध्ये नावही बदललं, आता विलिस टॉवर.

पण तुम्हाला खरी आवडेल ती सुरुवातीची गोष्ट. रिचर्ड सिअर्स हा मिनेसोटातल्या एका लहान स्टेशनावरचा स्टेशन एजंट. १८८६ साली एका व्यापाऱ्याने नाकारलेली घड्याळांची पेटी त्याच्या स्टेशनात पडून होती. ती त्याने स्वतः घेतली आणि मार्गावरच्या दुसऱ्या एजंटांना घड्याळं विकली. मग अल्वा रोबक या घड्याळजीशी भागीदारी झाली, आणि १८९३ च्या सुमारास सिअर्स, रोबक अँड कंपनी उभी राहिली.

भुसावळ_जंक्शन

स्टेशनवरचा माणूस! माझे वडील आणि आजोबा दोघंही रेल्वेत होते. पार्सल ऑफिसमध्ये नाकारलेल्या पेट्या पडलेल्या मी लहानपणी पाहिल्यात. तेव्हाचा घड्याळांचा धंदा रेल्वेमुळेच वाढला असणार, गाड्यांच्या वेळा पाळायला घड्याळ लागतंच. आता मी या धाग्याचा कायमचा वाचक.

इतिहासवेडी

बरोबर ओळखलंत. आणि पुढे टपालाने माल मागवायच्या सिअर्सच्या कॅटलॉगलाही रेल्वे आणि टपालानेच उचललं. १८९६ पासून अमेरिकन टपालखातं खेड्यापाड्यांत शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाऊ लागलं, त्यामुळे नांगरापासून पेटीवाद्यापर्यंत सगळं घरबसल्या मागवता येऊ लागलं. १९०८ ते १९४० या काळात तर त्यांनी अख्खी घरं विकली. कापलेलं लाकूड, खिळे, दारं, रंग, नकाशा, सगळं रेल्वेच्या वाघिणीतून यायचं आणि लोक स्वतः उभं करायचे. अशी सत्तर हजारांहून जास्त घरं गेली, त्यातली कितीतरी अजून नांदती आहेत.

या कॅटलॉगची एक बाजू फार थोड्यांना माहीत असते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गावच्या दुकानात सगळे गोरे उरकेपर्यंत उभं राहावं लागायचं. उधारी दुकानदाराच्या मर्जीवर, आणि माल तो देईल तो. कॅटलॉगला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. जो भाव गोऱ्याला तोच यांना. त्यामुळे काही गावांतल्या गोऱ्या दुकानदारांनी या कॅटलॉगांच्या होळ्या केल्या. कंपनीचा पुढचा प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड याने कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या करायला पैसे दिले. मोठा वाटा त्या गावांतल्या गरीब माणसांनी स्वतः पैशाने, श्रमाने, जमिनीने उचलला, हेही सांगायलाच हवं. महाराष्ट्रातल्या माणसाला, एका पाणवठ्याचा इतिहास माहीत असलेल्याला, यातलं मोल वेगळं समजावून सांगावं लागू नये.

मिशिगनकर

काय सुंदर माहिती. आमच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते, ते सांगायचे की नवा कॅटलॉग आला की जुना परसातल्या शौचकूपात खिळ्याला टांगायचा. गुळगुळीत चकचकीत कागद सुरू झाल्यावर लोकांना फार वाईट वाटलं म्हणे!

अवनी_एडिसन

हत्यारं म्हटलं की सगळे गराजमध्ये जातात, म्हणून मी आतल्या खोलीतलं लिहिते. आईकडे सिअर्सचं केनमोर शिलाई मशीन होतं. १९७९ मध्ये घेतलं. तेव्हा इथे साडीला फॉल-पिको करून देणारं कोणी नव्हतं. आईने शिवायला सुरुवात केली आणि गणपतीच्या आधीचा महिना आमच्या दिवाणखान्यात ब्लाउजपिसांचा ढीग असायचा. त्या पैशांतून माझ्या भावाच्या कॉलेजची पुस्तकं आली.

मशीनचा पट्टा, बॉबिनची डबी, सुया, सगळं त्याच दुकानाच्या सुट्या भागांच्या खिडकीवर मिळायचं. आई मोडका भाग रुमालात बांधून न्यायची. इंग्रजी अडखळत असे, पण भाग समोर ठेवला की बोलायची गरजच नव्हती. आतला माणूस जाड सूचीत नंबर शोधायचा आणि आठवड्याने भाग यायचा. मशीन आजही चालतं. मी त्यावर मुलीच्या नाचाचे कपडे शिवले.

आणि घरातला स्क्रू ड्रायव्हर कायम आईच्याच हातात असे. बाबांना बल्बसुद्धा नीट बसवता येत नव्हता.

सडेतोड

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. जुन्याचं कौतुक करताना आपण किंमत आणि सुधारणा दोन्ही विसरतो. काकांच्या काळच्या त्या रॅचेटला साधारण ३६ दाते असतात. म्हणजे प्रत्येक टप्प्याला हात १० अंश हलवायला हवा. माझ्या आजच्या रॅचेटला ९० दाते आहेत, ४ अंश हलला की पुढचा दाता. हल्लीच्या गाडीत इंजिनाखाली बोट जायला जागा नसते, तिथे हा फरक जीव वाचवतो. आणि तो मी काकांनी सेटला मोजले असतील त्याच्या तुलनेत फारच स्वस्तात घेतला. आज नवशिक्या पोराला एका दिवसाच्या मजुरीत पूर्ण सेट मिळतो, ही वाईट गोष्ट कशी?

शिवाय आजन्म हमीचाही अनुभव सांगतो. एका दुकानात, नाव घेत नाही, मी मोडलेला रॅचेट दिला तर दुसऱ्याचाच मोडका दुरुस्त करून मला टेकवला. तो दोन महिन्यांत गेला.

गोटीपाना

@सडेतोड, दात्यांबद्दल शंभर टक्के मान्य. मीही बारीक दात्यांचाच वापरतो. पण स्वस्त सेटमधला पाना नटावर घट्ट बसत नाही आणि नटाचे कोपरे गोल होतात, तेव्हा वाचवलेले पैसे एका संध्याकाळी जातात. ज्याचं पोट हत्यारावर आहे त्याला विचारा.

नाशिकचा_भाता

दोघंही बरोबर आहेत, फरक कुठे पडतो ते सांगतो. मी तीस वर्षं फोर्जिंगमध्ये काढली. पाना म्हणजे तापवून लाल केलेला पोलादाचा दांडा साच्यात ठेवून वरून घण पाडायचा. बाहेर आलेली झालर छाटायची. मग पुन्हा तापवून तेलात विझवायचा, म्हणजे तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही. म्हणून परत कमी आचेवर मऊ आणायचा. ही शेवटची पायरी घाईत केली की पाना एकतर वाकतो नाहीतर तुटतो. वरून सगळे सारखेच चकचकीत दिसतात. गिऱ्हाइकाला कळतं ते पाच वर्षांनी.

आमच्या नाशिकला टपारियाने १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. वायरमनच्या पट्ट्यात त्यांची पक्कड आजही दिसते. म्हणजे साधं, परवडणारं आणि टिकाऊ हत्यार बनवता येतं. बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची दोघांची नजर लांबवर हवी.

सिअर्सने स्वतः एकही पाना घडवला नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९२७ साली त्यांनी क्राफ्ट्समन हे नुसतं नाव दुसऱ्या कंपनीकडून ५०० डॉलरला घेतलं. घडवणारे वेगळे, कोलोरॅडोतली वेस्टर्न फोर्ज वगैरे. पण काय मापाचं, कोणत्या धातूचं, किती ताकदीचं हवं ते सिअर्सचे लोक ठरवायचे, आणि मोडलं तर आपण बदलून देऊ म्हणायचे. मोडका पाना परत येण्याचा खर्च विकणाऱ्याच्या खिशाला लागत होता, म्हणून तो घडवणाऱ्याच्या मानेवर बसायचा. वेस्टर्न फोर्ज २०२० मध्ये बंद झाली.

बोहरीआळीकर

हे वाचून आमची पुण्याची बोहरी आळी आठवली. आजोबा सुतार होते. रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, सगळं तिथून. दुकानदार पटाशी हातात देण्याआधी नखावर धार बघायचा आणि आवडली नाही तर स्वतःच परत ठेवायचा. हमी वगैरे लिहिलेली नव्हती, पण मूठ सैल झाली तर आजोबा तिथेच जाऊन बसायचे आणि चहा पिऊन बसवून घेऊन यायचे. आता मी ऑनलाइन मागवतो आणि फोटोतल्या पटाशीला धार आहे का ते कळत नाही.

सांगलीचा_गॅरेजवाला

माझा अनुभव. १९९४ साली भाऊ अमेरिकेहून पहिल्यांदा आला तो माझ्यासाठी बॅगेत क्राफ्ट्समनचा गोट्यांचा सेट घेऊन. विमानात वजनाच्या भीतीने स्वतःचे कपडे मागे ठेवले त्याने. गॅरेजमधली सगळी पोरं भोवती जमली. उघडून बघतो तर सगळी मापं इंचात! आणि माझ्याकडे यायच्या बजाज आणि हिरो होंडा, सगळे नट मिलिमीटरमध्ये.

१० ला काही बसेना, १४ ला बसेना. ५/१६ ची गोटी ८ ला बसते आणि ३/४ ची १९ ला. एवढ्या दोनच मी तीस वर्षं वापरल्या, आणि रॅचेट. त्या दोन गोट्यांची एक कड झिजलेली नाही. बाकीचा सेट देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे, खंडेनवमीला बाहेर काढतो, हळदकुंकू लावतो.

मिशिगनकर

कपडे मागे ठेवून पाने आणणारा भाऊ लाभायला भाग्य लागतं!

हिशेबनीस

पुतण्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी आलं नाही, म्हणून लिहितो. माझं आयुष्य किरकोळ विक्रीच्या हिशेबात गेलं.

ॲमेझॉनने मारलं हे उत्तर तारखांना टिकत नाही. सिअर्सने मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला, त्याच वेळी शंभरावर दुकानं मिटवली आणि सुमारे ५०,००० नोकऱ्या गेल्या. ॲमेझॉन स्थापन झालं १९९४ मध्ये. म्हणजे टपालाने घरपोच माल देण्याचं शंभर वर्षांचं शहाणपण, गोदामं, पत्ते, सगळं हातात होतं आणि बरोबर आदल्या वर्षी ते सोडून दिलं.

त्याआधीच पाया खचला होता. १९८१ मध्ये त्यांनी शेअरदलालीची एक आणि घरं विकणारी एक अशा कंपन्या घेतल्या, १९८५ मध्ये डिस्कव्हर क्रेडिट कार्ड काढलं. व्यवस्थापनाचं लक्ष पैशाच्या धंद्यात, आणि दुकानातल्या फरश्या तशाच. इकडे होम डेपो या दुकानसाखळीने १९७९ पासून हत्यारं, लाकूड, नळ सगळं एका छपराखाली मांडलं, आणि नव्वदच्या सुरुवातीला वॉलमार्ट विक्रीत पुढे गेलं. १९९२ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने आरोप ठेवला की सिअर्सच्या गाडी-दुरुस्ती केंद्रांत गरज नसलेली कामं गिऱ्हाइकांच्या माथी मारली जातात. कामगारांना विक्रीवर कमिशन लावलं होतं, त्याचं हे फळ. जो माणूस न विचारता पाना बदलून द्यायचा, त्याच छपराखाली दुसऱ्याला अधिक विकण्याचा आकडा दिला गेला.

२००५ मध्ये एडी लॅम्पर्ट या गुंतवणूकदाराने केमार्ट ही दुसरी दुकानसाखळी आणि सिअर्स एकत्र केलं, तेव्हा मिळून सुमारे ३,५०० दुकानं होती. नंतर कंपनीचे तीसेक तुकडे पाडून त्यांना आपापसांत स्पर्धा करायला लावलं. दुकानं दुरुस्त करायला लागणारा पैसा स्वतःचेच शेअर परत घेण्यात घातला. २०१५ मध्ये २३५ जागा वेगळ्या कंपनीला विकल्या आणि त्याच जागांत भाडं भरून बसले. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन विकलं, सौदा साधारण ९० कोटी डॉलरचा. १५ ऑक्टोबर २०१८ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ७०० च्या आसपास दुकानं उरली होती. आज बोटांवर मोजण्याइतकी असतील.

घरातले दागिने विकून दिवस काढणारं घराणं असतं तसं हे झालं. आणि यात सर्वांत जास्त फटका बसला तो तिथे आयुष्य घालवलेल्या विक्रेत्यांना.

शिकागोचा_पुतण्या

@हिशेबनीस, हेच मला कळायला हवं होतं. कमिशनवाली गोष्ट वाचून काउंटरवरचा तो माणूस डोळ्यांसमोर आला.

पेटंटवाला

पुतण्या, तुमच्या रॅचेटच्या पाठीवरचं ते बटण साधं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका सिअर्समध्ये पीटर रॉबर्ट्स नावाचा १८ वर्षांचा विक्रेता होता. गोटी एका हाताने सुटावी म्हणून त्याने १९६३ च्या सुमारास ही युक्ती काढली. कंपनीने त्याला सांगितलं की याला फार किंमत नाही, आणि प्रत्येक पान्यामागे २ सेंट, तेही जास्तीत जास्त १०,००० डॉलर, एवढ्यावर हक्क लिहून घेतले. पाने लाखोंनी खपले. त्याला कळल्यावर त्याने १९६९ मध्ये दावा लावला. कोर्टकचेरी वीस वर्षं चालली आणि १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली.

म्हणून सिअर्सचं सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही. काउंटरवरच्याच पोराची ही गोष्ट आहे.

इतिहासवेडी

हे माहीत नव्हतं. वाचून फार वाईट वाटलं. त्याचं सगळं तारुण्य वकिलांत गेलं.

टेक्सासतात्या

आमच्याकडची ताजी गोष्ट जोडतो. स्टॅन्लीने २०१९ मध्ये जाहीर केलं की क्राफ्ट्समन पुन्हा अमेरिकेत घडवणार. फोर्ट वर्थला सुमारे ९ कोटी डॉलरचा कारखाना, ५०० च्या आसपास नोकऱ्या. मला इतका आनंद झाला होता की बांधकाम चालू असताना दोनदा गाडी तिकडून नेली. यंत्रमानव पाने घडवणार, हात लागणार नाही, असा बेत होता. ती यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली नाही आणि २०२३ मध्ये कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं.

नाशिकचा_भाता

तात्या, यंत्राला दोष नाही. पण लाल पोलादाचा रंग बघून आता बाहेर काढ म्हणणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. अशी माणसं एकदा घरी गेली की नुसत्या पैशाने परत येत नाहीत. माझ्या हाताखालच्या पोरांपैकी दोघंच आता या धंद्यात आहेत.

सडेतोड

@नाशिकचा_भाता, हा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य करतो. माझे ९० दाते मला प्रिय आहेत, पण ते कोणी घडवले हे मला ठाऊक नाही, आणि मोडले तर दुरुस्त करायला कोणाकडे न्यायचे हेही नाही.

शिकागोचा_पुतण्या

मंडळी, उघडला!

भाताकाका म्हणाले तसंच निघालं. पट्टी काढली तर आत मधासारखं घट्ट, काळपट ग्रीस. कुत्रा त्यात रुतून बसला होता. ट्रेमध्ये जुन्या साडीचाच तुकडा पसरला होता, तरी छर्रा उडालाच, पण पदराच्या घडीत सापडला. सगळं धुतल्यावर दाते भिंगाखाली बघितले, कडा शाबूत आहेत. दोन थेंब तेल टाकून बंद केला. मग काकूंच्या गाडीच्या चाकाचा नट घेतला, अंगातला सगळा जोर लावला, सटकला नाही. आवाजसुद्धा बदललाय, आधी फटफट होता, आता खणखणीत.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा आवाज रविवारी सकाळी यायचा." एवढंच बोलून आत गेल्या आणि चहा ठेवला.

लोजमध्ये जायचा विचार सोडला. घर विकलं की पेटी माझ्याकडे येईल. त्यातला एक चपटा स्क्रू ड्रायव्हर मात्र काकूंनी मागून घेतला, त्या इतकी वर्षं रंगाचे आणि बेसनाचे डबे त्याच्यानेच उघडतात.

नाशिकचा_भाता

शाब्बास. वर्षातून एकदा उघडून धूत जा, तुमच्या मुलांनाही पुरेल.

सांगलीचा_गॅरेजवाला

पुतण्या, धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. पेटीत ९/१६ च्या गोटीची जागा रिकामी आहे म्हणालात. माझ्या सेटमधली ९/१६ अजून एकदाही नटाला लागलेली नाही. भाऊ पुढच्या महिन्यात परत चाललाय, त्याचं घर तुमच्यापासून तासाभरावर आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिकागोचा_पुतण्या

दादा, तुमच्या खंडेनवमीच्या सेटमधली कशी घेऊ?

सांगलीचा_गॅरेजवाला

घ्या हो. इथे ती नुसती पुजली जाते, तिथे नटाला लागेल. फक्त हळदकुंकू पुसून वापरा, नाहीतर घसरेल.

शिकागोचा_पुतण्या

व्यनि केलाय.